एका घराण्याच्या दोन तक्षिमा

ओहोटीचे पाणी पुरते उतरून गेल्यावर कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर, शेवाळाने निसरड्या झालेल्या कातळांतून जपून पावले टाकीत, अर्धवट पाण्यात बुडालेला एखादा सपाट दगड जो कोणी हलक्या हाताने उलटून पाहील, त्याच्या दृष्टीस तेथे दडून बसलेल्या नाना जीवांच्या गर्दीत, रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान अशी एक वाटोळी चकती आणि तिच्यापासून निघालेले पाच बारीक, काटेरी, सापाच्या पिल्लांप्रमाणे वळवळणारे बाहू असा एक प्राणी पडण्याचा संभव पुष्कळ आहे. आणि कुतूहलाने तो त्याला चिमटीत धरू जातो न जातो तोच, त्या पाचांपैकी एक बाहू त्याच्या बोटांत राहतो आणि उरलेला प्राणी शेजारच्या फटीत दिसेनासा होतो. हाती आलेला तो तुकडा काही वेळ आपला आपणच वळवळत राहतो. याच सवयीमुळे या प्राण्याला भंगुरतारा म्हणावयाचे. शास्त्रज्ञांनी त्याच्या वर्गाला दिलेले ऑफियूरॉइडिया हे नाव मात्र त्या बाहूंच्या हालचालीवरून आले असून, त्यातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ सर्पपुच्छ असा आहे.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र मांडून पाहावे. तामिळनाडूच्या दक्षिण टोकाशी, रामेश्वर आणि मंडपम यांच्या आसपास मन्नारच्या आखाताचे आणि पाल्कच्या उपसागराचे जे उथळ, कोमट पाणी पसरलेले आहे, त्याच्या तळाशी, समुद्री गवताच्या कुरणांतून आणि वाळूच्या सपाटीवर, वीतभर किंवा त्याहून लांब, करड्या रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा एक जीव लोळत पडलेला असतो. त्याला बाहू नाहीत, डोके नाही, काटे नाहीत. चामड्याच्या जुन्या पिशवीत ओली वाळू भरून ठेवावी तसे त्याचे रूप. तो चालतो आहे हे कळायलाही पाहणाऱ्याला बराच वेळ थांबावे लागते. तिकडचे कोळी त्याला कडल अट्टै, म्हणजे समुद्रातली जळू, म्हणतात. रोमन ग्रंथकारांना तो काकडीसारखा दिसला आणि तीच उपमा पुढे युरोपातल्या भाषांतून आपल्याकडे येऊन आपण त्याला समुद्रकाकडी म्हणू लागलो.

हे दोन प्राणी एका घराण्यातले आहेत, असे कोणी सांगितले तर सामान्य वाचकाचा त्यावर विश्वास बसणे कठीण आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, कारण प्रत्यक्ष पंडितांनाही या घराण्याची वंशावळ लावताना पिढ्यानुपिढ्या चाचपडावे लागले. १७३४ साली याकोब क्लाइन याने ‘एकायनोडर्माटा’, म्हणजे कंटकचर्मी, हा शब्द घडविला तो केवळ काटेरी गोळ्यासारख्या सागरी अर्चिनांपुरता. पुढे १७५८ साली लिनीअसने आपल्या प्रसिद्ध वर्गीकरणात भंगुरताऱ्यांना ताऱ्यामाशांच्याच प्रजातीत दाखल केले; समुद्रकाकडीला मागाहून ‘होलोथुरिया’ या नावाखाली जागा दिली खरी, परंतु त्याच नावाखाली त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या, निळ्या फुग्यासारख्या दिसणाऱ्या आणि समुद्रकाकडीशी कसलाही संबंध नसलेल्या फिजेलियालाही नेऊन बसविले. बाह्य रूपावरून नाते ठरविण्याची पद्धत समुद्राच्या तळाशी किती अपुरी पडते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आज कंटकचर्मी प्राण्यांचे जे पाच वर्ग हयात आहेत, म्हणजे पिसांसारख्या बाहूंचे क्रिनॉइड, तारामासे, भंगुरतारे, अर्चिन आणि समुद्रकाकड्या, त्या सर्वांत मिळून सुमारे सात हजार जाती मोजल्या गेल्या असून, त्यांपैकी दोन हजारांवर जाती भंगुरताऱ्यांच्या आणि सतराशेच्या आसपास जाती समुद्रकाकड्यांच्या आहेत. त्यांतली एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही. ऑर्डोव्हिसियन कालखंडातल्या, म्हणजे सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांत या दोन्ही वर्गांच्या खुणा सापडतात. तेव्हा घर फुटून वाटण्या झाल्या त्या फार प्राचीन काळी झाल्या, हे उघड आहे. परंतु वाटणी कितीही जुनी असली तरी मूळ मिळकत एकच होती, आणि प्रत्येक तक्षीमदाराने आपल्या वाट्याला आलेल्या वस्तूंचे काय केले हे पाहत गेले म्हणजे त्या मिळकतीचा अंदाज बांधता येतो. ही मिळकत चार प्रकारची होती: पाचाच्या हिशेबाने केलेली शरीररचना, पाण्याच्या दाबावर चालणारे अवयव, चुन्याचा सांगाडा, आणि इच्छेनुसार घट्ट किंवा सैल होणारे एक विलक्षण ऊतक. यांपैकी चौथ्या वस्तूकडे विद्वानांचे लक्ष सर्वांत उशिरा गेले, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. तिच्याकडे आपण सावकाश येऊ.

पाचाचा हिशेब भंगुरताऱ्यात पाहताक्षणीच दिसतो. मध्ये चकती, भोवती पाच बाहू, चकतीच्या खालच्या बाजूस मधोमध तोंड आणि त्या तोंडात पाच जबडे. ताऱ्यामाशात बाहू आणि मध्यभाग एकमेकांत विरघळून गेलेले असतात, तर येथे चकती कोठे संपते आणि बाहू कोठे सुरू होतो याची हद्द जणू मोजणी करून दगड रोवावेत इतकी स्पष्ट असते. समुद्रकाकडीत हाच हिशेब शोधावा लागतो. अर्चिनसारखा एखादा गोळा घेऊन तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत ओढून लांब केला आणि मग एका कुशीवर आडवा पाडला अशी कल्पना करावी, म्हणजे तिच्या शरीराचे मर्म समजते. तोंड पुढच्या टोकाला आले, गुदद्वार मागच्या टोकाला गेले. पाच पट्ट्यांपैकी तीन पोटाखाली येऊन त्यांच्यावरील पायांनी ती चालू लागली आणि दोन पाठीवर गेले. तिचे शरीर चिरून पाहिले म्हणजे आतल्या भिंतीला लगटून लांबच लांब गेलेले पाच स्नायुपट्टे दिसतात, आणि घशाभोवती चुन्याच्या दहा तुकड्यांचे, म्हणजे पाचाच्या दुपटीचे, एक कडे असते. ज्याला पुढे-मागे नव्हते आणि उजवे-डावे नव्हते अशा घराण्यात जन्मून समुद्रकाकडीने पुन्हा पुढचे टोक आणि मागचे टोक, पाठ आणि पोट असा भेद स्वीकारला, ही तिच्या इतिहासातली मोठी घटना होय.

भंगुरताऱ्याने तो भेद स्वीकारला नाही, आणि तरीही घराण्यात सर्वांत चपळ तोच निघाला. त्याला कोठे जावयाचे असले म्हणजे तो एक बाहू पुढे करतो, त्याच्या दोन बाजूंचे बाहू वल्ह्यांप्रमाणे एकदम मारतो आणि चकती झटक्याने पुढे उचलून टाकतो. २०१२ साली हेन्री ॲस्टली या अमेरिकन संशोधकाने ही चाल बारकाईने चित्रित करून दाखविली तेव्हा असे दिसले की, दिशा बदलावयाची झाल्यास हा प्राणी अंग वळवीतच नाही. जो बाहू नव्या दिशेकडे असेल त्याला तो पुढारी नेमतो आणि इतर बाहूंची कामे त्या हिशेबाने बदलून देतो. आपल्याला वळण घेण्यासाठी सबंध देह फिरवावा लागतो; याला फक्त कारभार फिरवावा लागतो. आणि हे सर्व ज्याच्या अंगी मेंदू नाही, तोंडाभोवतीचे एक मज्जातंतूंचे कडे आणि प्रत्येक बाहूत गेलेला एक दोर एवढीच ज्याची मज्जासंस्था, अशा जीवाकडून घडते, हे ध्यानात आणले म्हणजे मन चकित होते.

पाण्याच्या दाबावर चालणारे अवयव म्हणजे नालपाद. शरीरात समुद्राच्या पाण्यासारख्याच द्रवाने भरलेल्या नळ्यांचे एक जाळे असते आणि त्यातून फुटलेल्या असंख्य लहान लवचीक नळ्या बाहेर डोकावत असतात. आतून दाब दिला की त्या ताठ होऊन लांबतात. भंगुरताऱ्याच्या नालपादांना टोकाशी चूषक नसतात. चालण्याचे काम बाहूंनी उचलल्यामुळे त्यांच्याकडे चाचपण्याचे, हुंगण्याचे आणि अन्नाचे कण तोंडाकडे पोचविण्याचे काम उरले. समुद्रकाकडीच्या पोटाखालचे नालपाद चूषकांनी वाळूला किंवा खडकाला धरून तिला हळूहळू पुढे नेतात, आणि तोंडाभोवतीचे नालपाद तर इतके वाढले की त्यांचे दहापासून तीसपर्यंत स्पर्शक बनले. सायनॅप्टा नावाच्या काकड्यांनी मात्र चालण्याचे नालपाद पार टाकून दिले. त्या तीन मीटरपर्यंतही लांब वाढतात, आणि त्यांच्या अंगाला हात लावला तर तो चिकटल्यासारखा वाटतो. याचे कारण त्यांच्या कातडीत चुन्याचे सूक्ष्म नांगर असतात. नांगर हा शब्द येथे अलंकारिक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो होडीच्या नांगराप्रमाणेच दिसतो, दांडा आणि दोन वळलेले फाळ यांसह.

येथेच तिसऱ्या मिळकतीचा, म्हणजे चुन्याच्या सांगाड्याचा, प्रश्न येतो. भंगुरताऱ्याने आपल्या वाट्याचा चुना बाहूंत घातला. प्रत्येक बाहूच्या आत कॅल्साइटचे तुकडे आपल्या पाठीच्या मणक्यांप्रमाणे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यांच्यामध्ये स्नायू असतात, आणि बाहेरून चार बाजूंनी ढालींचे आवरण असते. याच्या उलट समुद्रकाकडीने आपला चुना इतका बारीक दळला की तो कातडीत कणांच्या रूपाने विखुरला गेला. कोठे लहान मेजांच्या आकाराचे कण, कोठे छिद्रे पाडलेल्या गुंड्या, कोठे चाके, आणि वर सांगितलेले नांगर. दोन काकड्या बाहेरून अगदी सारख्या दिसत असतील तेव्हा कातडीचा एक तुकडा विरघळवून त्यातले हे कण तपासले म्हणजे जातीचा निवाडा होतो. म्हणून या प्राण्याचा खरा दस्तऐवज त्याच्या कातडीत असतो असे म्हटले तरी चालेल. पूर्वी तिच्या घराण्यातही चिलखत होते. इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यात सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मिळालेला आणि २०१९ साली वर्णिलेला सोलासिना नावाचा एक जीवाश्म समुद्रकाकडीच्या पूर्वजांचा आप्त ठरला आहे, आणि त्याच्या अंगावर चुन्याच्या ढाली आहेत.

भंगुरताऱ्याच्या चुन्याविषयी एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. ऑफिओकोमा वेंड्टी ही कॅरिबियन समुद्रातली जात दिवसा गडद आणि रात्री फिकट होते आणि सावली पडताच फटीकडे पळते. २००१ साली जोआना आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तिच्या बाहूंवरील ढालींचा पृष्ठभाग सूक्ष्म भिंगांसारख्या उंचवट्यांनी भरलेला असून ती भिंगे प्रकाश एकत्र आणू शकतात. सबंध प्राणी म्हणजे एक पसरलेला डोळाच आहे, अशी कल्पना मग सर्वत्र झाली. ती सुंदर होती. परंतु २०१८ साली लॉरेन समनर-रूनी यांच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या भिंगांच्या खाली नसून त्यांच्या मधल्या छिद्रांत आहेत, आणि भिंगांचा दृष्टीशी संबंध नाही. या प्राण्याला आसऱ्याची ढोबळ आकृती कळते ती अंगभर पसरलेल्या पेशींमुळे आणि बाजूचा प्रकाश अडविणाऱ्या त्या गडद रंगामुळे. आवडती कल्पना पुराव्यापुढे मागे घेणे याला शास्त्रात कमीपणा नाही, आणि डोळ्यांवाचून आसरा ओळखणारा जीव हे सत्य मला त्या पहिल्या कल्पनेपेक्षा अधिक रमणीय वाटते.

पोटाची व्यवस्था दोघांनी दोन टोकांची केली. भंगुरताऱ्याला गुदद्वार नाही. एकाच दाराने अन्न आत जाते आणि चोथा बाहेर येतो, आणि श्वासासाठी बाहूंच्या मुळाशी दहा चिरा असतात, ज्यांच्या आतल्या पिशव्यांत काही जातींची पिल्लेही वाढतात. समुद्रकाकडीला दोन्ही दारे आहेत, इतकेच नव्हे तर मागच्या दाराने ती श्वास घेते. तेथून झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दोन नळ्या शरीरात वर गेलेल्या असतात. अनेक आचक्यांनी ती त्यांत पाणी भरून घेते आणि मग ते एकदम बाहेर सोडते. या उघड्या दाराचा फायदा घेऊन मोतीमासा नावाचा एक सडपातळ मासा शेपटीकडून आत शिरतो, दिवस तेथे काढतो आणि रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. ॲक्टिनोपायगा या काकड्यांच्या गुदद्वाराशी चुन्याचे पाच दात असतात. तेथेही पाचच!

जेवणाच्या रीतीत मात्र ही भावंडे कधी कधी फार जवळ येतात. चिखलात राहणारा ॲम्फियूरा हा भंगुरतारा चकती खाली पुरून ठेवतो, बाहू वर पाण्यात उभारतो, आणि वाहत येणारे कण नालपादांच्या हातोहात तोंडाकडे पाठवितो, जसे आग लागली असता माणसे रांग धरून घागरी पुढे देतात. थंड समुद्रातल्या कित्येक काकड्याही अशाच फटीत अंग रोवून आपले झाडासारखे स्पर्शक पाण्यात पसरतात, आणि मग एकेक स्पर्शक वाकवून तोंडात घालून चाटून काढतात. आमटीभात संपल्यावर मूल एकेक बोट चाटते तसे. परंतु उष्ण समुद्रातल्या बहुतेक काकड्यांचा धंदा निराळा आहे. त्या वाळू खातात. वाळूच्या कणांना चिकटलेले जंतू, शेवाळ आणि कुजलेले अंश आतड्यात पचवून घेतात आणि स्वच्छ झालेली वाळू मागे टाकीत जातात. ऑस्ट्रेलियाजवळच्या हेरॉन बेटाच्या प्रवाळमंचावर आकाशातून छायाचित्रे घेऊन केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत सुमारे तीस लाख काळ्या समुद्रकाकड्या आढळल्या, आणि त्या वर्षाकाठी ६४,००० टनांहून अधिक वाळू आपल्या पोटातून काढतात असा हिशेब निघाला. नांगरटीवाचून शेत जसे घट्ट बसते, तसा हा जीव नसलेला तळ घट्ट बसतो.

आता चौथी मिळकत. आपल्या शरीरात हाडाला हाड बांधणारे आणि कातडीला बळकटी देणारे जे तंतुमय ऊतक असते, त्याचा ताठरपणा आपल्या हुकमाने क्षणात बदलत नाही. स्नायू आवळता येतो, अस्थिबंध आवळता येत नाही. कंटकचर्मींना तो आवळता येतो. त्यांच्या ऊतकातले कोलॅजनचे तंतू आपल्यासारखेच असले तरी त्या तंतूंना एकमेकांशी सांधणारे द्रव्य मज्जातंतूंच्या आज्ञेने बदलते, आणि त्यामुळे तेच ऊतक घटकेत लाकडासारखे कठीण तर घटकेत लोण्यासारखे मऊ होते. आणि हे घडवून आणायला स्नायूंच्या मानाने फार थोडी शक्ती खर्च होते. या ऊतकाचा अभ्यास ज्या दोघांनी विशेष निष्ठेने केला, त्यांतल्या जपानच्या तात्सुओ मोतोकावा यांनी समुद्रकाकडीची कातडी पुढे ठेवली आणि स्कॉटलंडच्या इयान विल्की यांनी भंगुरताऱ्याचा सांधा. आणि दोघेही १९७० नंतरच्या काळात एकाच गुणधर्मापाशी येऊन पोचले, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

भंगुरताऱ्याच्या बाहूतले मणके ज्या बंधांनी जोडलेले असतात ते याच ऊतकाचे असतात. माशाने किंवा खेकड्याने बाहू पकडला की त्याच्या आतल्या बाजूच्या एका सांध्यातील बंध विरघळल्यासारखा सैल पडतो आणि बाहू सुटतो. तो तुटत नाही, सोडला जातो. म्हणूनच जखम लहान राहते आणि काही दिवसांतच तेथे नव्या बाहूचा अंकुर दिसू लागतो. उत्तर समुद्राच्या चिखलातून वर काढलेल्या ॲम्फियूरांची पाहणी केली तर बहुतेकांचा एक ना एक बाहू नव्याने वाढत असलेला आढळतो, कारण तळावरचे चपटे मासे हे बाहू कुरतडून खातात आणि मूळ प्राण्याला जिवंत सोडून जातात. गवत कापावे आणि ते पुन्हा वाढावे, तसा हा व्यवहार त्या तळावर अखंड चाललेला असतो.

समुद्रकाकडीने हेच ऊतक आपल्या साऱ्या कातडीत भरले आहे. तिला हात लावताच ती आखडून टणक होते. तीच अरुंद फटीत शिरताना इतकी सैल होते की जणू ओतली जात आहे, आणि आत गेल्यावर पुन्हा कठीण होऊन अशी अडकून बसते की तिला ओढून काढणे दुरापास्त व्हावे. हिरवट रंगाची एक स्टिकोपस जात तर पाण्याबाहेर काढून हाताळीत राहिले असता अक्षरशः बुळबुळीत होऊन विरघळू लागते. आणि संकट फारच वाढले म्हणजे ती जे करते ते भंगुरताऱ्याच्या त्यागापेक्षाही दारुण आहे. आतड्याला धरून ठेवणारे बंध सैल पडतात, शरीर आवळले जाते, आणि आतडी, कधी श्वसनवृक्षांसह, मागच्या दाराने बाहेर फेकली जातात. काही जातींत तर पुढचे टोकच फाटून स्पर्शकांसकट सर्व बाहेर पडते. मग पोट नसलेली ती पिशवी निपचित पडून राहते, कातडीतल्या साठ्यावर दिवस काढते, आणि काही आठवड्यांत नवे आतडे तयार करते. होलोथुरिया आणि बोहाडशिया या प्रजातींतल्या पुष्कळ काकड्यांना याखेरीज आणखी एक हत्यार आहे. कुव्हिए या फ्रेंच पंडिताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या नळ्या त्या शत्रूच्या अंगावर सोडतात, आणि त्या पाण्यात लांबून इतक्या चिकट होतात की खेकडा त्यांत जखडून जातो.

एकाने बाहू द्यावा आणि दुसरीने आतडे द्यावे, आणि दोघांनीही एकाच प्रकारची गाठ सैल सोडून ते द्यावे, हे या नात्याचे मला सापडलेले सर्वांत जवळचे रूप आहे. ते आणखी एके ठिकाणी दिसते. स्पंजांच्या छिद्रांतून राहणारा ऑफिॲक्टिस सॅव्हिग्नी हा सहा बाहूंचा चिमुकला भंगुरतारा आपली चकती मधोमध फाडून दोन होतो, प्रत्येक अर्ध्याला तीन बाहू, आणि उरलेले तीन मागाहून वाढतात. आणि काळी समुद्रकाकडी, जिला होलोथुरिया आट्रा म्हणतात, ती कमरेशी पिळवटून बारीक होत जाऊन आडवी तुटते, आणि पुढच्या अर्ध्याला मागचा भाग व मागच्या अर्ध्याला पुढचा भाग फुटतो. ज्या साधनाने प्राण वाचवावयाचा त्याच साधनाने वंशही वाढवावयाचा! २००८ साली अमेरिकेतल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी समुद्रकाकडीच्या कातडीवरून एक कृत्रिम पदार्थ बनविला, जो कोरडा असता कठीण असतो आणि ओला होताच मऊ पडतो. मेंदूत बसवावयाच्या सूक्ष्म विद्युताग्रांसाठी त्याचा उपयोग व्हावा असा त्यांचा हेतू होता.

नात्याची अंतिम शाबिती कशी झाली, ती हकीकत एखाद्या दिवाणी दाव्यासारखी आहे. प्रौढ प्राण्यांची साक्ष अशी होती की भंगुरतारा ताऱ्यामाशाचा भाऊ आणि समुद्रकाकडी अर्चिनची बहीण. परंतु १८४० नंतरच्या दशकात बर्लिनचे योहानेस म्युलर उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर गेले आणि बारीक जाळ्यांनी पाणी गाळून त्यांतले काचेसारखे पारदर्शक डिंभ सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले, तेव्हा डिंभांची साक्ष नेमकी उलट पडली. भंगुरताऱ्याचा डिंभ चुन्याच्या काड्यांवर तोललेल्या लांब भुजांचा, अर्चिनच्या डिंभासारखा निघाला; समुद्रकाकडीचा डिंभ, ज्याला त्याच्या कानासारख्या आकारावरून ऑरिक्युलेरिया म्हणतात, तो ताऱ्यामाशाच्या डिंभाशी जुळला. मज्जातंतूंनी तिसरीच जबानी दिली: भंगुरतारा, अर्चिन आणि समुद्रकाकडी या तिघांचे मज्जादोर कातडीखाली झाकलेले, ताऱ्यामाशाचे उघडे. हा वाद शंभर वर्षांहून अधिक चालला. न्यूझीलंडचे बॅरक्लॉ फेल यांनी १९४० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, तरंगत्या जीवनाच्या गरजेने डिंभ स्वतंत्रपणे सारखे रूप धारण करू शकतात, म्हणून त्यांच्या साक्षीवर वंशावळ उभारू नये. आणि २०१४ साली शेकडो जनुकांची तुलना करणारे जे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांनी प्रौढांच्या साक्षीच्या बाजूने कौल दिला. भंगुरतारा आणि तारामासा ही एक शाखा, अर्चिन आणि समुद्रकाकडी ही दुसरी. म्हणजे आपल्या या दोन नायकांचे नाते चुलत भावंडांचे ठरले.

किनाऱ्यापासून दूर, जेथे सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही, तेथे ही चुलत भावंडे शेजारी राहतात. १९५१ साली गॅलाथिया या डॅनिश जहाजाने फिलिपाइन्सजवळच्या खंदकात १०,१९० मीटर खोलीवर जाळे ओढले तेव्हा वर आलेल्या मोजक्या जीवांत समुद्रकाकड्या होत्या. खोल तळावरच्या चिखलात वरून झिरपत येणारा मृत जीवांचा चुरा हेच अन्न असल्यामुळे, चिखल खाऊन जगणाऱ्या या जीवांची तेथे चलती आहे. काही तर चिखल सोडून पडद्यांसारख्या पंखांनी पोहतात. भंगुरतारेही कोठे कोठे तळावर इतके दाट पसरतात की इंग्लिश खाडीत एका चौरस मीटरमध्ये हजाराहून अधिक मोजले गेले आहेत.

माणसाच्या जगात मात्र दोघांचे नशीब सारखे नाही. समुद्रकाकडीला गिऱ्हाईक आहे. चीनमध्ये ती पौष्टिक अन्न आणि औषध मानली जाते, आणि त्या मागणीपायी मकासरचे खलाशी दरवर्षी वाऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जात आणि मन्नारच्या आखातातल्या पाणबुड्यांनीही पिढ्यानुपिढ्या तिची वेचणी केली. पोट चिरून आतडी काढावयाची, उकळावयाचे, रात्रभर ओल्या वाळूत पुरून कातडीवरचा चुन्याचा थर कुजवून काढावयाचा, पुन्हा उकळावयाचे आणि कडक उन्हात वाळवावयाचे, असा तो क्रम. शेवटी मूळ वजनाचा अगदी अल्प अंश हाती राहतो, म्हणून पोतेभर माल भरायला समुद्राचा केवढा तुकडा रिकामा करावा लागत असेल याची कल्पना करावी. १९८२ साली सरकारने ७५ मिलिमीटरहून लहान सुक्या काकडीच्या निर्यातीस मनाई केली. १९८८ साली तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत डी. बी. जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होलोथुरिया स्कॅब्रा या जातीची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवून दाखविली. आणि २००१ साली सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या, जेथे वाघ आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या ज्या कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालत होता त्यांची तक्रार खरी होती, आणि समुद्र रिकामा होत चालला होता हेही खरे होते. पलीकडे श्रीलंकेच्या हद्दीत परवान्याने हीच वेचणी चालू राहते, त्यामुळे एकाच उथळ पाण्यातल्या एकाच जातीवर दोन कायदे लागू आहेत, आणि चोरट्या व्यापाराला ती फट पुरते. २०२० साली लक्षद्वीपच्या चेरियापाणी भागात २३९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र खास समुद्रकाकड्यांसाठी राखीव झाले.

भंगुरताऱ्याला कोणी गिऱ्हाईक नाही. त्याच्यात खाण्याजोगे मांस नाही, आणि बाजारात त्याचा भाव विचारायला कोणी येत नाही. त्याच लक्षद्वीपच्या प्रवाळकाठांवर ऑफिओकोमा स्कोलोपेंड्रिना नावाची जात राहते; ओहोटी असेपर्यंत ती फटीत दबून असते, आणि भरतीचे पहिले पातळ पाणी खडकावरून सरपटत आत येऊ लागले की ती दोन-तीन बाहू फटीबाहेर काढते, त्यांची खालची बाजू वर करते, आणि पाण्याच्या पृष्ठावर तरंगत आलेला फेसाचा, परागांचा आणि धुळीचा बारीक थर त्या उलट्या बाहूंनी, केरसुणी फिरवावी तशी, इकडून तिकडे झाडीत राहते. हे दहा-पंधरा मिनिटे चालते. मग पाणी वर चढते आणि बाहू पुन्हा आत जातात.